डीव्हीच्या (घरगुती हिंसाचाराच्या) कामासाठी येताना फोन आहे तसा आणा

(सांगलीत विजयनगरच्या कोर्टाजवळच्या आमच्या टायपिंग-झेरॉक्स दुकानात येणाऱ्या ताईंसाठी, आणि त्यांच्यासोबत येणाऱ्या आई-वडील-भावांसाठी)

घरगुती छळाचा अर्ज टाईप करायला आणि मोबाईलमधले मेसेज छापून घ्यायला आमच्याकडे जवळजवळ रोज कोणीतरी येतं. बहुतेकींना वकिलांनीच पाठवलेलं असतं, म्हणून २००५ चा घरगुती हिंसाचाराविरुद्धचा कायदा काय आहे, हे इथं पहिल्यापासून सांगत नाही. सांगायचं आहे ते एका चुकीबद्दल. या चुकीमुळे एका दिवसाचं काम आठवड्यावर जातं, आणि कधी कधी ते होतच नाही.

चूक अशी. ताई मेसेजचे स्क्रीनशॉट काढते आणि भावाला व्हॉट्सअॅपवर पाठवते. भाऊ त्यातले महत्त्वाचे वाटतील ते आठ-दहा निवडतो, कडा कापून नीटनेटके करतो. मग मूळ चॅट पुसली जाते. कुणाला ते नजरेसमोर नको असतं, कुणाला नवरा फोन बघेल अशी भीती असते. हे मला कळतं. रात्री दोन वाजता आलेल्या शिव्या कोण जपून ठेवील? पण अर्जाला जे लागतं ते नेमकं त्या पुसलेल्यातच असतं: कुठल्या नंबरवरून, कुठल्या तारखेला, किती वाजता.

एक ताई आली होती तासगावच्या बाजूची. बेदाण्याच्या शेडवर कामाला जायची आणि नवरा शेडसमोर गाडी लावून तिथूनच फोनवर फोन करायचा. तिनं बेचाळीस स्क्रीनशॉट आणले होते. एकावरही नंबर दिसत नव्हता, वर फक्त नाव होतं, ‘उचलू नको’. तिनं त्याचा नंबर त्याच नावानं सेव्ह केला होता. मूळ फोन रीसेट करून भाच्याला शाळेसाठी देऊन टाकलेला. जुन्या बॅकअपमधून काही मिळतं का ते बघण्यात चार दिवस गेले, आणि मिळालं तेही अर्धंच.

नुसते स्क्रीनशॉट छापून का चालत नाहीत, हा प्रश्न आम्हाला सगळ्यात जास्त विचारला जातो. १ जुलै २०२४ पासून पुराव्याचा नवा कायदा, म्हणजे भारतीय साक्ष्य अधिनियम, लागू झाला आहे. त्याच्या कलम ६३ प्रमाणे मोबाईलमधल्या मजकुराच्या प्रतीसोबत, ती कुठल्या फोनमधून कशी काढली हे सांगणारं प्रमाणपत्र द्यावं लागतं. जुन्या कायद्यात हेच ६५-ब होतं. जालन्याच्या निवडणुकीवरून अर्जुन खोतकर आणि कैलास गोरंट्याल यांचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. त्यातल्या २०२० च्या निकालानं हे प्रमाणपत्र गरजेचं असल्याचं पक्कं केलं. मूळ यंत्रच त्याच्या मालकानं कोर्टापुढे आणलं तर प्रमाणपत्र लागत नाही, असंही त्याच निकालात आहे. म्हणजे तुमचा जुना, काच फुटलेला फोन हा कागदांच्या गठ्ठ्यापेक्षा मोलाचा आहे.

प्रमाणपत्राच्या भाग ‘अ’मध्ये फोनची कंपनी, मॉडेल, रंग आणि आयएमईआय नंबर लिहायचा असतो. स्टार, हॅश, शून्य, सहा, हॅश दाबलं की तो नंबर स्क्रीनवर येतो. त्यासोबत फाईलचा हॅश लागतो. हॅश म्हणजे फाईलवरून संगणकानं काढलेली आकडे-अक्षरांची एक लांब ओळ, फाईलचा अंगठाच म्हणा. रेकॉर्डिंगमधला एक सेकंद छाटला तरी ती ओळ बदलते. व्हॉट्सअॅपवरून साधा फोटो पाठवला तरी बदलते, कारण तिथं फोटो दाबून लहान केला जातो आणि तो कधी काढला ही आतली नोंद निघून जाते. अंगावरच्या वळांचे फोटो असे फिरवून आणू नका. आम्ही ते केबल लावून थेट फोनमधून घेतो.

भाग ‘ब’ तज्ज्ञानं भरायचा असतो. त्यावर आम्ही सही करत नाही. तो कोणाकडून घ्यायचा हे तुमचे वकील सांगतील. कुठं कोणी दोन्ही भागांवर शिक्के मारून देत असेल, तर वकिलांना विचारल्याशिवाय घेऊ नका.

काही जणी म्हणतात, “यातलं माझं बोलणं तेवढं काढा, मीपण रागात बोललेय.” आम्ही काढत नाही, आणि त्यावरून आमच्याशी भांडणंही झाली आहेत. पण तीच चॅट सामनेवाल्याच्याही, म्हणजे ज्याच्याविरुद्ध अर्ज आहे त्याच्याही, फोनमध्ये असते. त्याच्या वकिलानं ती पूर्ण काढून दाखवली, की तुमचे खरे मेसेजही संशयात येतात. सगळं राहू द्या. रागावलेली बाई खोटी ठरत नाही. मजकूर काढून टाकला तर मात्र ठरू शकते.

नवऱ्याचं बोलणं त्याला न सांगता रेकॉर्ड केलं तर चालतं का, हेही विचारतात. पती-पत्नीच्या वादात असं रेकॉर्डिंग पुरावा म्हणून घेता येतं, असं सर्वोच्च न्यायालयानं २०२५ मध्ये घटस्फोटाच्या एका प्रकरणात म्हटलं आहे. फाईलचं नाव बदलू नका, तिथं तारीख-वेळ असते.

आता उलट बाजूही सांगते. पुरावा पूर्ण होईपर्यंत अर्ज थांबवू नका. २००५ च्या कायद्याच्या कलम २३ खाली मॅजिस्ट्रेट तुमच्या प्रतिज्ञापत्रावर अंतरिम, म्हणजे निकालाआधीचा तात्पुरता, आदेश देऊ शकतात, गरज पडली तर सामनेवाला हजर नसतानाही. लग्नानंतर तुम्ही पुण्यात राहत होता आणि आता माहेरी मिरजेला आला आहात, तर अर्ज इथं चालतो. तात्पुरतं राहण्याचं ठिकाणही कायद्याला पुरतं. अर्जात “सारखा त्रास देतो” एवढंच नको. घटना, ठिकाण आणि तारीख हवी. तारखा आठवत नसतील तर त्या फोनमधूनच सापडतात, म्हणून आम्ही आधी फोन बघतो आणि मग टायपिंगला बसतो. लोकांना हा उशीर वाटतो. पण नंतर दुरुस्तीचा अर्ज लिहिण्यापेक्षा हा वेळ कमीच असतो.

संरक्षण आदेश मिळाल्यावर फोनचं काम वाढतं. त्याच कायद्याच्या कलम १८ खालच्या या आदेशात तुमच्या कामाच्या जागी किंवा मुलांच्या शाळेत येण्याला मनाई मिळू शकते. फोन, मेसेज, चिठ्ठी, कुठल्याही प्रकारे संपर्क करण्यालाही मिळू शकते. तो आदेश मोडला तर १ वर्षापर्यंत कैद किंवा २०,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, आणि गुन्हा दखलपात्र व अजामीनपात्र आहे. मग एक मिस्ड कॉलसुद्धा नोंद ठरतो. कॉलची यादी फोनमध्ये कायम राहत नाही, म्हणून तिचा स्क्रीनशॉट त्याच दिवशी घ्या. नंबर ब्लॉक करायचा असेल तर करा, त्यानं जुने मेसेज जात नाहीत. फक्त चॅट पुसण्याचा पर्याय पुढं आला तर त्यावर खूण ठेवू नका.

पाठलाग करणारा नात्यातला नसेल, गल्लीतला किंवा कॉलेजातला कोणी असेल, तर हा कायदा लागत नाही. त्यासाठी भारतीय न्याय संहितेचं कलम ७८ आहे आणि पोलिसांत तक्रार द्यायची असते. फोनचा नियम तिथंही हाच.

खर्चाचं सरळ सांगते. कोर्टात द्यायच्या प्रतिज्ञापत्राला महाराष्ट्रात स्टॅम्प पेपर लागत नाही, त्यामुळे पाचशेचा स्टॅम्प घेऊन येऊ नका. आदेशाची प्रत कोर्टाकडून मोफत मिळते. महिलांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, त्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. या कायद्याखाली सरकारनं नेमलेल्या संरक्षण अधिकाऱ्यांकडेही अर्जासाठी पैसे लागत नाहीत. तिथून काम होत असेल तर आमच्याकडे येऊच नका, मला वाईट वाटणार नाही. आम्ही पैसे घेतो ते फोनच्या कामाचे: चॅट तारखेनुसार लावून, पानांवर क्रमांक घालून, नंबर दिसेल अशी रंगीत छपाई, फाईलींची यादी, हॅश आणि दोन पेनड्राईव्ह. हे नीट करायला दोन-तीन तास लागतात, म्हणून चारनंतर आलात तर काम दुसऱ्या दिवशी मिळेल. सुनावणीच्या सकाळी येऊन “लगेच द्या” म्हणू नका.

आतल्या बाजूला पडद्यामागं वेगळं टेबल आहे आणि तिथं बाईच बसते. पावतीवर आम्ही फक्त ‘झेरॉक्स’ लिहितो. तुम्हाला आम्ही स्वतःहून कधी फोन करत नाही. निघण्याआधी व्हॉट्सअॅपमध्ये जोडलेली उपकरणं (लिंक्ड डिव्हायसेस) तपासा आणि फोनमधलं जीमेल घरातल्या दुसऱ्या फोनवर चालू नाही ना, तेही बघा. नाहीतर इथं काढलेली फाईल घरी उघडेल. आज रात्रीच धोका वाटत असेल तर कागदांचं नंतर बघू, आधी ११२ किंवा १८१ ला फोन लावा.

येताना आधार कार्डाची झेरॉक्स आणि फोनचा चार्जर आणा. फोनचं लॉक तुमचं तुम्हीच उघडा, पासवर्ड आम्हाला सांगू नका.