मरुत ते तेजस : विमान आपले, इंजिन कुणाचे?

लागोपाठच्या दोन दिवसांत दोन गोष्टी घडल्या. २५ सप्टेंबर २०२५ रोजी संरक्षण मंत्रालयाने हिंदुस्तान एरोनॉटिक्सकडून (एचएएल) आणखी ९७ तेजस मार्क-१ए विमाने घेण्याचा ६२,३७० कोटी रुपयांचा करार केला. दुसऱ्या दिवशी चंडीगडला मिग-२१ने हवाई दलाचा शेवटचा निरोप घेतला. ज्या मिगची जागा घ्यायची म्हणून १९८३ मध्ये हलक्या लढाऊ विमानाचा, म्हणजे आजच्या तेजसचा, प्रकल्प मंजूर झाला, ते मिग निघून गेले तरी नव्या विमानाच्या फक्त दोन स्क्वाड्रन (विमानांच्या तुकड्या) उभ्या होत्या. मंजूर ४२ लढाऊ स्क्वाड्रनच्या जागी हवाई दलाकडे आता २९ उरल्या आहेत.

एवढा उशीर का, असे विचारले की ‘सरकारी कारभार’ हे उत्तर तयार असते. ते खोटे नाही, पण अपुरे आहे. आपल्या लढाऊ विमानांची गाडी दर वेळी एकाच ठिकाणी अडली : इंजिनापाशी. आणि ही अडचण तेजसपेक्षा पंचवीस-तीस वर्षांनी जुनी आहे.

बंगळूरचा विमान कारखाना उभा राहिला तो सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांच्या पुढाकाराने, डिसेंबर १९४० मध्ये, म्हैसूर संस्थानाच्या मदतीने. युद्धाच्या धामधुमीत १९४२ मध्ये तो सरकारने ताब्यात घेतला. स्वातंत्र्यानंतर तिथे डॉ. विष्णू माधव घाटगे यांनी एचटी-२ हे प्रशिक्षण विमान आखले आणि ते १९५१ मध्ये उडाले. जर्मनीत गॉटिंगेनला नामवंत वायुगतिशास्त्रज्ञ लुडविग प्रांटल यांच्याकडे शिकून आलेला हा मराठी माणूस भारतीय विमानरचनेचा पाया घालणाऱ्यांपैकी एक. आपल्याकडे त्यांचे नाव जितके घेतले जायला हवे तितके घेतले जात नाही.

१९५६ मध्ये बंगळूरला कुर्ट टांक आले. दुसऱ्या महायुद्धात गाजलेल्या फोक-वुल्फ १९०चे रचनाकार. जर्मनी हरल्यावर ते अर्जेंटिनात जेट विमान बनवत होते, तिथले बस्तान उठले आणि नेहरूंच्या सरकारने त्यांना सहकाऱ्यांसह बोलावून घेतले. मद्रासच्या तंत्रज्ञान संस्थेत ते शिकवतही. अब्दुल कलाम तिथे त्यांचे विद्यार्थी होते. टांक यांची जर्मन तुकडी आणि घाटगे यांच्यासारखे भारतीय अभियंते यांनी मिळून एचएफ-२४ ‘मरुत’ आखले. आधी त्याच मापाचे लाकडी ग्लायडर करून १९५९ मध्ये उडवून पाहिले आणि १७ जून १९६१ रोजी विंग कमांडर सुरंजन दास यांनी प्रत्यक्ष विमान उडवले. आशियात, सोव्हिएत संघ सोडला तर, चाचणीच्या पुढे जाऊन उत्पादनात आणि सेवेत आलेले हे पहिले स्वतः आखलेले जेट लढाऊ विमान ठरले.

आवाजाच्या दुप्पट वेगाने उडावे अशी या विमानाची मांडणी होती. त्यासाठी टांक यांनी एका विमानाला ब्रिस्टल या ब्रिटिश कंपनीची ऑर्फियस-१२ ही दोन इंजिने धरली होती. आफ्टरबर्नर (झोतात जादा इंधन जाळून रेटा वाढवणारी सोय) लावल्यावर ती प्रत्येकी सुमारे ३६ किलोन्यूटन रेटा देणार होती. ते इंजिन ज्या युरोपीय गरजेसाठी घडत होते ती गरजच संपली आणि पैसा आटला. भारताने खर्च उचलला तर काम पुढे नेण्याची कंपनीची तयारी होती. दिल्लीने नाही म्हटले. मग नॅट या छोट्या लढाऊ विमानासाठी बंगळूरमध्ये बनत असलेले, आफ्टरबर्नर नसलेले साधे ऑर्फियसच मरुतमध्ये बसवावे लागले. रेटा प्रत्येकी २२ किलोन्यूटनच्या आतबाहेर. दुप्पट वेग राहिला बाजूला, आवाजाची हद्द गाठतानाच मरुतला धाप लागे. त्या नकाराने तेव्हा किती पैसे वाचले असतील ते असो, पुढची साठ वर्षे त्याचे व्याज आपण भरत आहोत असे माझे मत आहे.

इंजिनाचा शोध थेट इजिप्तपर्यंत गेला. तिथे जर्मन विमानरचनाकार विली मेसरश्मिट यांनी एचए-३०० हे विमान आणि ऑस्ट्रियाचे फर्डिनांड ब्रांडनर यांनी ई-३०० हे इंजिन करायला घेतले होते. विमान तिथले, इंजिन दोघांचे, असा बेत ठरला. १९६४ मध्ये इजिप्तच्या त्या विमानाचे पहिले उड्डाण केले ते भारतीय वैमानिक कपिल भार्गव यांनी, आणि एक मरुत ई-३०० बसवून चाचणीसाठी इजिप्तमध्ये उडत होते. १९६७च्या युद्धात इजिप्तचे कंबरडे मोडले, १९६९ मध्ये तो प्रकल्प गुंडाळला गेला. इकडे ऑर्फियसलाच घरच्या घरी आफ्टरबर्नर जोडण्याचा प्रयत्न चालू होता. तसे एक मरुत १० जानेवारी १९७० रोजी उड्डाण करताना कोसळले आणि त्यात सुरंजन दास गेले.

एकूण १४७ मरुत बनली. १९७१च्या युद्धात राजस्थानच्या आघाडीवर त्यांनी जमिनीवरच्या लक्ष्यांवर हल्ले केले आणि माराही सोसला. पण हवाई दलाचे मन तोवर मिगवर जडले होते. नाशिकजवळ ओझरला १९६४ मध्ये मिगचा कारखाना उभा राहिला. मिगची इंजिने ओडिशात कोरापुटला बनत. परवान्यावर सहाशेहून अधिक मिग-२१ भारतात बांधली गेली. ओझरच्या कामगारांचे कसब कमी होते असे कुणी म्हणणार नाही. मात्र दुसऱ्याच्या नकाशावरून विमान बांधताना पंखाचा कोन तेवढाच का, पात्याचा धातू तोच का, हे प्रश्न पडतच नाहीत. त्यांची उत्तरे मॉस्कोतच राहतात. मरुत घडवणारे लोक पांगले, निवृत्त झाले. १९८३ उजाडले तेव्हा लढाऊ विमान आखण्याचा अनुभव असलेली पिढी जवळजवळ संपली होती.

या काळात स्वीडन काय करत होता हे पाहिले की अंतर कळते. लोकसंख्या आजच्या मुंबईपेक्षाही कमी. पण टुनान, लान्सेन, ड्राकेन, विगेन अशी एकामागून एक विमाने साब कंपनी आखत गेली, मध्ये खंड पडू दिला नाही. स्वतःचे जेट इंजिन करायचा खटाटोप स्वीडननेही केला होता. १९५२ मध्ये तो सोडून त्यांनी ब्रिटिश इंजिन परवान्यावर घेतले, पुढे अमेरिकी घेतले, आणि आपल्या विमानाप्रमाणे त्यात फेरफार करत राहिले. विमान आपले, इंजिन परके, हे त्यांनी सुरुवातीलाच मान्य केले. त्याची किंमतही मोजली. १९७०च्या दशकाअखेरीस भारत विगेन घेण्याचा विचार करत होता, तेव्हा त्यातल्या अमेरिकी इंजिनाचा हवाला देऊन वॉशिंग्टनने ती विक्री अडवली. आपण जॅग्वार घेतले.

तेजसचा आराखडा आणि साबच्या ग्रिपेनचा निर्णय हे जवळजवळ एकाच वेळचे. ग्रिपेन १९८८ मध्ये उडाले, दशकभरात सेवेत आले. तेजसचे पहिले उड्डाण ४ जानेवारी २००१ रोजी झाले आणि पहिली स्क्वाड्रन १ जुलै २०१६ रोजी. कारण आपल्या प्रकल्पाने सगळेच डोंगर एकदम चढायला घेतले होते : कंपोझिटचा (धातूऐवजी तंतू आणि राळ यांच्या मिश्रणाचा) सांगाडा, नवे रडार, संगणकाने चालणारे फ्लाय-बाय-वायर नियंत्रण आणि सोबत नवे कोरे कावेरी इंजिन. वैमानिकी विकास अभिकरण (एडीए) १९८४ मध्ये स्थापन झाले, डॉ. कोटा हरिनारायण प्रकल्पाचे प्रमुख झाले.

यातल्या फ्लाय-बाय-वायरची कहाणी मला सर्वांत अभिमानाची वाटते. तेजस मुद्दाम अस्थिर आखलेले आहे, म्हणून ते चटकन वळते. पण संगणक क्षणभर जरी गप्प बसला तरी वैमानिक ते सांभाळू शकत नाही. ही नियंत्रण प्रणाली अमेरिकेत लॉकहीड मार्टिनच्या सोबतीने तपासली जात होती. मे १९९८ मध्ये पोखरणचे स्फोट झाले, निर्बंध आले, आपल्या अभियंत्यांना सामान मागे ठेवून परतावे लागले. उरलेले काम बंगळूरमध्ये पुरे झाले. ग्रिपेनची याच प्रणालीतल्या दोषांमुळे १९८९ आणि १९९३ मध्ये दोन विमाने पडली होती. तेजसच्या संपूर्ण चाचणीकाळात एकही विमान पडले नाही. पहिला अपघात मार्च २०२४ मध्ये, जैसलमेरजवळ झाला. नोव्हेंबर २०२५ मध्ये दुबईच्या प्रदर्शनात दुसरे तेजस कोसळले, वैमानिकही गेला. त्यानंतर विमानाला नावे ठेवणाऱ्यांची रांग लागली, पण एका अपघातावरून अख्ख्या रचनेला निकामी ठरवणे हा उतावीळपणा आहे.

कावेरीचे तसे जमले नाही. १९८९ मध्ये ३८२ कोटींची मंजुरी मिळालेल्या या इंजिनाकडून ८१ किलोन्यूटन रेट्याची अपेक्षा होती. रेटा कमी पडला, वजन जास्त भरले. लढाऊ इंजिनाच्या टर्बाइनमधून जाणारा वायू पात्याच्या धातूच्या वितळणबिंदूपेक्षाही तापलेला असतो. पाते एकाच स्फटिकाचे ओतायचे, त्याच्या पोटातून बारीक वाटांनी थंड हवा खेळवायची, आणि तरीही ते हजारो फेऱ्या टिकले पाहिजे. ही विद्या असलेले देश बोटांवर मोजण्याइतके आहेत आणि त्यातले कुणी ती विकत नाही. २००८ मध्ये कावेरी तेजसपासून वेगळे केले गेले. तेजसमध्ये पहिल्यापासून जनरल इलेक्ट्रिकचे एफ-४०४ बसत होते, तेच कायम झाले. ग्रिपेनचे पहिले इंजिन याच एफ-४०४चे स्वीडिश रूप. कोरियाच्या ज्या एफए-५० विमानाने २०२३ मध्ये मलेशियाचा करार तेजसच्या हातून काढून घेतला, त्यातही एफ-४०४च आहे.

पाकिस्तानच्या जेएफ-१७शी तेजसची तुलना हमखास होते. त्याचा उगम चीन आणि अमेरिकी ग्रमन कंपनीच्या सुपर-७ प्रकल्पात आहे. १९८९ मध्ये तिआनमेन चौकातल्या हत्याकांडानंतर अमेरिकी कंपनी बाहेर पडली, पुढे पाकिस्तान भागीदार झाला आणि २००३ मध्ये विमान उडाले. इंजिन रशियाचे आरडी-९३, म्हणजे मिग-२९च्या इंजिनाचे भावंड. सांगाडा मुख्यतः धातूचा, मांडणी पारंपरिक. रचनेत तेजस निश्चित पुढे आहे. पण जेएफ-१७ स्वस्त ठेवले, लवकर सेवेत आणले आणि म्यानमार, नायजेरिया, अझरबैजान यांना विकले. तेजसला अजून एकही परदेशी गिऱ्हाईक नाही. हवाई दलाला कारखान्यातून विमाने किती वेगाने मिळतात, हे तुलनेच्या तक्त्यांत कुठेच नसते, आणि खरी हार तिथेच आहे.

चीनने मात्र दोन्ही वाटा एकदम धरल्या. जे-१० मध्ये १९९८ पासून रशियन एएल-३१ बसवले, विमाने भराभर बांधली, आणि घरचे डब्ल्यूएस-१० इंजिन वीसेक वर्षे चुकत-माकत घडवत राहिले. आज जे-१० त्या घरच्या इंजिनावर उडते. ही शिकवणी आपण कावेरीला कधी दिली नाही. प्रकल्प बंदही केला नाही, पैसाही पुरेसा दिला नाही. उंचावर चाचणी घ्यायला इंजिन रशियाला न्यावे लागत होते.

या अवलंबनाचा फटका २०२१च्या ८३ विमानांच्या पहिल्या मोठ्या करारात पुन्हा बसला. मार्च २०२४ पासून मार्क-१ए मिळायची होती. त्यांच्यासाठी मागवलेल्या ९९ इंजिनांपैकी पहिले एफ-४०४ आले मार्च २०२५ मध्ये. अर्थात सगळे खापर जनरल इलेक्ट्रिकवर फोडता येणार नाही. नवे रडार आणि शस्त्रे जुळवण्याचे आपले कामही रेंगाळले होते. ऑक्टोबर २०२५ मध्ये ओझरच्या नव्या जोडणी-मार्गिकेवरून मार्क-१एने उड्डाण केले. जिथे मिग बनले तिथेच आता तेजस बनणार.

पुढचे दोन इंजिनांचे, रडारला सहज न दिसणारे एएमसीए हे विमान मार्च २०२४ मध्ये मंजूर झाले, त्याच्या विकासासाठी १५,००० कोटी रुपये ठेवले आहेत. फ्रान्सच्या साफ्रानसोबत त्यासाठी १२० किलोन्यूटनचे नवे इंजिन घडवण्याचे सरकारने जाहीर केले आहे. ते हाती येईपर्यंत पहिली विमाने जनरल इलेक्ट्रिकच्या एफ-४१४वर उडतील. कोरियाचे केएफ-२१ आणि नवे ग्रिपेन-ई ही त्याच इंजिनावर उडतात.