बायरचं ऑडिट येतंय? आधी काय काय बघून ठेवायचं

टॉवेल असो, चादर असो नाहीतर शाळेचे युनिफॉर्म, तुमचा माल मोठ्या कंपनीला किंवा एक्स्पोर्टला जात असेल तर आज ना उद्या तो मेल येतोच, की अमुक महिन्यात आमची एजन्सी तुमच्या युनिटचं ऑडिट करणार. कुणाचं स्मेटा असतं, कुणाचं बीएससीआय (ह्या अशा ऑडिटच्या ठरलेल्या पद्धती), कुणी स्वतःचीच वीस-पंचवीस पानी प्रश्नावली पाठवतं. नावं वेगळी, पण बघतात जवळपास तेच: कामाचे तास, पगार, सेफ्टी, डाइंगचं पाणी आणि केमिकल, आणि तुम्ही पुढे कुणाकडून काम करून घेता ते.

बरेच मालक विचारतात की आमचा माल चांगला आहे ना, मग ह्यांना आमच्या कारखान्यात डोकावायचं काय कारण? कारण आहे. २०१३ ला ढाक्याजवळ राणा प्लाझाची बिल्डिंग कोसळली, ११०० पेक्षा जास्त माणसं गेली आणि तिथे शिवलेल्या कपड्यांवर युरोप-अमेरिकेतल्या ब्रँडची लेबलं सापडली, तेव्हापासून बायर सप्लायरच्या बाबतीत जास्त कडक झालेत. आणि एवढं लांब कशाला जायचं, मे २०२५ मध्ये आपल्याच सोलापुरात, अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेल कारखान्याला आग लागून आठ जण गेले. आम्ही अशा ऑडिटची तयारी करून देतो, म्हणून कुठल्याही युनिटला गेलो की आधी फायली मागत नाही, आधी फ्लोअरवर फिरतो. मागचं दार उघडतं का, त्याच्यासमोर सुताच्या गाठी रचल्यात का, रात्री कुणी आत झोपतं का आणि झोपत असेल तर बाहेरून कुलूप लागतं का. हे ऑडिट नसलं तरी आजच्या आज बघा.

फायरचं अजून एक. महाराष्ट्रात लायसन्सधारक एजन्सीकडून फॉर्म बी, म्हणजे आग विझवायची यंत्रणा चालू असल्याचा दाखला, वर्षातनं दोनदा घ्यावा लागतो, जानेवारीत आणि जुलैत. आग विझवायचे सिलेंडर भिंतीला टांगलेले असतात, रिफिलची तारीख मात्र कधीच उलटून गेलेली असते, आणि ऑडिटर आत आल्या आल्या तेच बघतो.

आता कागद. इथे सगळ्यात जास्त जण अडकतात, आणि कागद नाहीत म्हणून नाही, तर कागद एकमेकांशी जुळत नाहीत म्हणून. ऑडिटर एकटं हजेरी रजिस्टर घेऊन बसत नाही, तो हजेरी, पगार, पीएफचं चलन, बँक ट्रान्सफर, प्रॉडक्शनची वही, गेटची नोंद असं सगळं शेजारी शेजारी लावतो. संक्रांतीला गड्ड्याची यात्रा असते, नंदीध्वजाच्या मिरवणुकीला अख्खं सोलापूर रस्त्यावर असतं, लूम बंद असतात, आणि हजेरीत मात्र त्या दिवशी सगळे हजर दाखवलेले, कारण महिन्याच्या शेवटी कुणीतरी एका बैठकीत सगळ्या रकान्यांत पी मारलेला असतो. प्रॉडक्शनच्या वहीत त्या दिवशी शून्य. एवढं एक सापडलं की मग तुमच्या बाकीच्या खऱ्या नोंदींवर पण कुणी विश्वास ठेवत नाही.

पीस रेटवाल्यांचं पण बघा. मीटरवर किंवा डझनावर पैसे दिले तरी त्याचे तास लिहावेच लागतात, हिशोब किमान वेतनाच्या खाली जाता कामा नये आणि ओव्हरटाइम दुप्पट दरानेच. साधारण १० कामगारांपासून ईएसआय (कामगारांचा विमा), २० पासून पीएफ. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार लेबर कोड लागू झालेत, त्यात प्रत्येक कामगाराला नेमणूक पत्र द्यायचंय, आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या तोंडी बोलण्यावर काम चालत आलंय त्यामुळे हे बहुतेक ठिकाणी नसतंच.

ऑडिटर कामगारांशी बोलतो तेव्हा मालक, मॅनेजर कुणी तिथे थांबत नाही. आपल्याकडे तेलुगू आणि कन्नड बोलणारी माणसं भरपूर, मराठीत लावलेली सेफ्टीची पाटी त्यांना कळते का हे पण विचारलं जातं, त्यामुळे सूचना त्यांच्या भाषेत लावा. आणि एक कळकळीनं सांगतो, कामगारांकडून उत्तरं पाठ करून घेऊ नका. दहा जण एकच वाक्य बोलले की समोरच्याला लगेच कळतं, आणि त्या माणसांवर पण नको ते टेन्शन येतं. त्यापेक्षा पगाराची स्लिप त्यांना समजावून सांगा, पीएफ किती कापला, का कापला. ते महिनोन् महिने उपयोगी पडतं.

जॉबवर्कचं बहुतेकांच्या लक्षातच येत नाही. डाइंग एकाकडे, कडा शिवायला दुसऱ्याकडे, पॅकिंग कुणाच्या तरी घरी. बायरच्या दृष्टीनं ती सगळी तुमची जबाबदारी आहे. निदान एक यादी पाहिजे, कोण, कुठे, काय काम करतो, आणि डाइंगवाल्याकडे प्रदूषण मंडळाची चालू संमती आहे का त्याची कॉपी. काही बायर न सांगता बाहेर दिलेलं काम सापडलं तर ऑर्डर पण थांबवतात, म्हणून आधीच सांगून मोकळं व्हायचं.

आम्ही काय करतो तर ऑडिटच्या आधी तुमच्याकडे येऊन तसंच एक ऑडिट घेतो, काय काय कमी आहे ते लिहून देतो, रजिस्टर कशी ठेवायची ते तुमच्या क्लार्कला शिकवतो, आणि ऑडिट झाल्यावर जे मुद्दे निघतात त्यांचा सुधारणेचा प्लॅन वेळेत भरायला मदत करतो. मुद्दे निघाले म्हणजे ऑर्डर गेली असं नसतं, बहुतेक बायर सुधारायला वेळ देतात, फक्त तारीख पाळावी लागते. मागच्या तारखेची रजिस्टर बनवून देणं, दोन प्रकारचे पगारपत्रक ठेवणं ही कामं आम्ही करत नाही, कितीही जुनी ओळख असली तरी नाही. मागचं नीट नसेल तर तसं सांगायचं आणि ह्या महिन्यापासून नीट ठेवायचं, हे ऑडिटरला जास्त पटतं.

ऑडिटला निदान दोन-तीन महिने असताना या, आठवडा राहिला असताना फारसं काही हातात नसतं. येताना बायरचा मेल, मागच्या ऑडिटचा रिपोर्ट असेल तर तो, आणि मागच्या तीन महिन्यांची हजेरी-पगाराची वही आणा. वही अर्धवट असेल तर तशीच आणा, भरत बसू नका.