इमोबिलायझर

योग्य संकेत असलेली चावी नसेल, तर मोटारीचे इंजिन चालू होऊ न देणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा. काच फोडणे, आतले सामान लांबवणे किंवा अख्खी गाडी टोचन करून नेणे ती रोखू शकत नाही. तिचा पहारा फक्त इंजिनावर असतो.

चावीच्या प्लॅस्टिकच्या मुठीत एक बारीक चिप असते. तिला सेल लागत नाही. स्विचच्या तोंडाभोवती तारेचे वेटोळे बसवलेले असते. चावी फिरवली की त्यात साधारण १२५ किलोहर्ट्‌झचे चुंबकीय क्षेत्र तयार होते आणि त्यातूनच चिपला लागेल तेवढी वीज मिळते. दारे उघडणाऱ्या रिमोटचे काम वेगळे आहे. म्हणून रिमोटचा सेल संपला तरी अशी गाडी चावीने चालू होते. सुरुवातीच्या चिपा एकच ठरलेला क्रमांक सांगत. नंतरच्या पद्धतीत गाडी दर वेळी नवा आकडा पाठवते, चिप गुप्त सूत्राने त्याचे उत्तर काढते आणि ते जुळले तरच इंजिनाचा संगणक इंधन व ठिणगी सोडतो. उत्तर चुकले तर काही गाड्यांत सेल्फ फिरतच नाही. काहींत फिरतो, पण गाडी पकडत नाही. स्विचखालच्या वायरी जोडून गाडी पळवण्याची जुनी युक्ती इथे निरुपयोगी ठरते.

अमेरिकेत १९८६ च्या कॉर्व्हेट या स्पोर्ट्‌स मोटारीच्या चावीत चिप नव्हती. तिच्या जागी विद्युतरोध (विजेचा प्रवाह ठरावीक प्रमाणात अडवणारा छोटा भाग) बसवलेला होता आणि त्याची मूल्ये अवघी १५ होती. जर्मनी आणि ब्रिटनमध्ये १९९८ पासून नव्या मोटारींना इमोबिलायझर सक्तीचा झाला. नेदरलँड्समधील १९९५ ते २००८ या काळाच्या अभ्यासात त्यामुळे मोटारचोऱ्या सरासरी ४० टक्क्यांनी घटल्याचे आढळले. उलट उदाहरण अमेरिकेचेच: किआ आणि ह्युंदाईच्या ज्या गाड्यांत तो बसवलेला नव्हता, त्यांच्या चोऱ्या २०२१ नंतर प्रचंड वाढल्या.

यंत्रणा अभेद्य मात्र नाही. अवघ्या ४० बिटांची गुप्त संख्या वापरणाऱ्या एका प्रचलित चिपचे गुपित संशोधकांनी २००५ मध्ये फोडले. आजचा चोर बहुधा सूत्राच्या वाटेला जातच नाही. तो गाडीतल्या निदान-सॉकेटला (बिघाड तपासण्यासाठीच्या जोडणीला) यंत्र जोडून गाडीला नवी चावी ‘शिकवतो’, किंवा बटणावर चालू होणाऱ्या गाडीसाठी घरातल्या चावीचा संदेश उचलून गाडीपर्यंत पोहोचवतो.

सोलापुरात दोन्ही काळांतली वाहने शेजारी-शेजारी उभी दिसतात. जानेवारीतल्या सिद्धेश्वरांच्या गड्डा यात्रेला होम मैदानाच्या आसपास लागणाऱ्या ‘एमएच १३’ या सोलापूरच्या क्रमांकाच्या वाहनांच्या रांगेत चिपची चावी असलेल्या नव्या मोटारी असतात, तशा साध्या चावीच्या जुन्या जीपा, टेम्पो आणि दुचाकीही. ज्यांच्या चावीत चिप नाही, त्यांना स्टिअरिंगचे किंवा गिअरचे लोखंडी कुलूप हाच खरा आधार.

चावीवाल्याने पाते हुबेहूब कापून दिले तरी गाडीचे दार तेवढे उघडते. नव्या चिपची ओळख गाडीला करून द्यावी लागते आणि त्यासाठी गाडीच समोर हवी. सगळ्याच चाव्या हरवल्या तर खर्च चांगलाच वाढतो, कारण बंद गाडी टोचन करून न्यावी लागते किंवा यंत्र घेऊन कारागिराला गाडीपाशी बोलवावे लागते. जुनी गाडी विकत घेताना दोन्ही चाव्या मागून घ्याव्यात आणि हरवलेल्या चावीची नोंद गाडीच्या संगणकातून पुसून घ्यावी. चोरीचा दावा करताना विमा कंपनीही बहुधा दोन्ही मूळ चाव्या मागते.