सेट खाली, सॉल वर

"सॉल दोनदा घातलं की हो काका, तरी राउंडेलखाली पांढरं दिसतंय."

रविवारी सकाळी शहापूरच्या माझ्या घरी पोरं आपापली विमानांची प्लास्टिक मॉडेलं घेऊन येतात, तेव्हा हे वाक्य ठरलेलं. राउंडेल म्हणजे विमानावरची हवाई दलाची गोल खूण. सांबऱ्याला हवाई दलाची एअरमेन ट्रेनिंग स्कूल असल्यामुळे आमच्या बेळगावात विमानांची ओढ मुळातच जास्त. त्यात २६ सप्टेंबर २०२५ला मिग-२१ हे लढाऊ विमान सेवेतून निवृत्त झालं आणि माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला ते आपल्या कपाटात हवंसं झालं. पोरं रंग चांगला मारतात, मेहनतही करतात. घात होतो तो शेवटच्या दोन छोट्या बाटल्यांपाशी. एकीवर मायक्रो सेट लिहिलेलं असतं, दुसरीवर मायक्रो सॉल. दोन्हींतलं पाणी पारदर्शक आणि दोन्ही डेकलसाठीच, म्हणजे पाण्यात भिजवून मॉडेलवर चिकटवायच्या छापील खुणांसाठीच, म्हणून हातात येईल ती उघडली जाते.

डेकल कापून कोमट पाण्यात बुडवणं आणि कागदावरून सरकवणं तुम्हाला येतं, त्यात वेळ घालवत नाही. फक्त डेकल पाण्यात तरंगत सोडून चहाला जाऊ नका. कागदावरचा जो डिंकासारखा थर विरघळतो, तोच पुढे डेकलला धरून ठेवणार असतो. दहा-पंधरा सेकंदांनी बाहेर काढून टिश्यूवर ठेवलं की उरलेलं काम ओला कागदच करतो.

आता मुद्द्याचं. सेट हे जागेसाठी आहे आणि सॉल हे डेकलसाठी. निळ्या लेबलचं सेट डेकल बसवण्याआधी विमानावर लावायचं. रंगावर बोटांचा तेलकटपणा असतो, तो ते कापतं. पाण्याचे थेंब गोळा होऊन बसतात ते पसरवतं, त्यामुळे डेकलखाली ओल सगळीकडे सारखी राहते आणि ते नीट चिकटतं. त्याला व्हिनेगरसारखा वास येतो. बाटली संपली तर पांढरं व्हिनेगर पाण्यात मिसळून काम भागवणारे बरेच आहेत, आणि भागतंही. सेट डेकलला थोडं लवचीक करतं, पण थोडंच. सेटवर ठेवलेलं डेकल तुम्ही ब्रशच्या टोकानं अजून सरकवू शकता. राउंडेल सरळ करायचा असेल, शेपटीवरचा रंगीत पट्टा, म्हणजे फिन फ्लॅश, काठाशी जुळवायचा असेल, तर त्याची वेळ हीच.

लाल लेबलचं सॉल नंतर येतं. डेकल जागेवर बसलं, खालचं पाणी टिश्यूनं टिपून झालं, की त्याच्या वरून सॉल लावायचं. सॉल डेकलची पारदर्शक फिल्म जवळजवळ विरघळण्याइतकी मऊ करतं. मग ती फिल्म पॅनेल लाइनमध्ये, म्हणजे पत्र्यांच्या जोडाच्या खाचेत, उतरते, रिव्हेटवर बसते, हवेच्या तोंडाच्या गोलाईवर वळते. या अवस्थेत डेकल ओल्या पापडाइतकं नाजूक असतं. पाच-दहा मिनिटांत त्याला सुरकुत्या पडतात, आणि इथेच बहुतेकांचा धीर सुटतो. सुरकुती दिसली की बोट जातं, कापसाची काडी जाते, आणि राउंडेलचा केशरी काठ काडीला चिकटून येतो. त्या सुरकुत्या म्हणजे औषध लागू पडल्याची खूण आहे. हात मागे घ्या, दुसरं काम करा. वाळताना ती फिल्म आपोआप ताणून सपाट होते. गरज वाटली तर पूर्ण वाळल्यावर दुसरा हात द्या.

उलटं केलं तर काय होतं ते कळलं की पुन्हा विसरणार नाही. आधी सॉल ओतून त्यावर डेकल ठेवलंत, तर ते सरळ करायच्या आतच मऊ पडतं आणि जिथे टेकलं तिथेच वेडंवाकडं अडकतं. आणि नुसतं सेट लावून थांबलात, तर सपाट पंखावर ठीक दिसतं, पण पॅनेल लाइनवर डेकल ढोलावरच्या कातड्यासारखं ताणलेलं राहतं. खालची खाच दिसतच नाही.

जपानी मिस्टर हॉबीच्या बाटल्यांनी गोंधळ आणखी वाढवलाय. त्यांचा मार्क सेटर आणि मार्क सॉफ्टर. सेटर पांढरट, दुधासारखा असतो, त्यात चिकटवणारा अंशही आहे. तो खाली लावायचा. सॉफ्टर वर. नावं बदलली तरी खाली-वरचा हिशेब तोच.

मग त्या पोराच्या पांढऱ्या डागाचं काय? त्याला चंदेरी झाक म्हणतात, आणि मूळ चूक दोन्ही बाटल्यांच्या आधीची असते. टामिया कंपनीच्या एक्सएफ मालिकेतले रंग मॅट आहेत. मॅट म्हणजे डोळ्याला न दिसणारा खडबडीतपणा. खानापूरकडच्या चिऱ्याच्या भिंतीवर पोस्टर चिकटवलेलं आठवा. कागद फक्त उंचवट्यांना टेकतो, मधल्या खड्ड्यांत हवा राहते. डेकलखाली तसंच होतं. अडकलेल्या हवेवरून प्रकाश परततो आणि पारदर्शक फिल्म चमकते. म्हणून डेकलआधी ग्लॉस कोट, म्हणजे चकचकीत पारदर्शक थर, हवाच. टामियाचा एक्स-२२ चालतो, कुठलाही चांगला चकचकीत क्लिअर चालतो. पृष्ठभाग काचेसारखा झाला की हवेला जागाच उरत नाही. शेवटी सगळ्यावर मॅट मारून विमान हवं तसं कोरडं दिसू शकतं. मॅट रंगावर थेट डेकल लावून वरून बाटलीभर सॉल ओतण्याचा सल्ला कुणी दिला, तर तो माणूस कितीही जुना असो, ऐकू नका.

आमच्याकडे जून ते सप्टेंबर आणखी एक पांढरेपणा भेटतो, आणि लोक त्यालाही चंदेरी झाक समजतात. लॅकर क्लिअर पावसाच्या दिवसांत फवारलं की सॉल्व्हंट झपाट्यानं उडतो, पृष्ठभाग थंड होतो, हवेतलं बाष्प त्यावर बसतं आणि थर धुरकट होतो. ओळखायची खूण सोपी आहे. चंदेरी झाक डेकलच्या काठाच्या आत थांबते, धुरकटपणा काठाबाहेर रंगावरही पसरतो. त्याला सॉल लावून काही उपयोग नाही. कोरड्या दिवशी सावकाश वाळणाऱ्या थिनरचा हलका फवारा दिला की बहुतेक वेळा तो थर पुन्हा विरघळून स्वच्छ होतो. आषाढात मी लॅकर हातातच घेत नाही, आणि एक्स-२२ला दोन दिवस देतो.

वॉश आणि फिल्टरवरही भांडणं होतात, पण त्यात गुंतण्यासारखं फारसं नाही. दोन्ही म्हणजे पातळ केलेला रंगच. वॉश खाचेत थांबतो, फिल्टर अख्ख्या रंगाची छटा बदलतो. मला राग येतो तो प्रत्येक पॅनेल लाइन काळीकुट्ट करण्याचा. राखाडी विमानावर गडद राखाडी वॉश पुरे. तांबड्या मातीची धूळ चाकांवर लावायची असेल तर जरूर लावा, पण आधी त्या विमानाचा तळ कुठे होता ते बघा. आपल्या अंगणातली माती पठाणकोटच्या धावपट्टीवर नसते. आणि हे सगळं डेकलवर क्लिअरचा थर चढवून मगच, नाहीतर वॉश पुसताना डेकलही उचललं जाईल.

सॉफ्टरमध्येही कमी-जास्त कडक प्रकार आहेत. टामियाचा मार्क फिट साधा, स्ट्राँग आणि सुपर स्ट्राँग असा मिळतो. मी नेहमी सौम्यापासून सुरू करतो. कडक सॉफ्टर पुरता न वाळलेला अ‍ॅक्रिलिक रंगही उचलतो. किटमधल्या नको असलेल्या डेकलचा तुकडा आधी एका फालतू पंखावर लावून बघतो, मगच खऱ्या विमानाला हात लावतो.

त्या पोराची मिग मात्र वाचवता आली. राउंडेल काढायचा नाही असं ठरवलं. बारीक सुईनं चंदेरी डागावर आठ-दहा टोचण्या दिल्या, प्रत्येक भोकावर सॉलचा थेंब सोडला. भोकातून ते खाली शिरतं, हवेची जागा घेतं आणि मऊ झालेली फिल्म रंगावर टेकते. पहिल्यांदा अर्धा डाग गेला. मॉडेल झाकण घालून डब्यात ठेवलं आणि बुधवारपर्यंत उघडायचं नाही असं सांगितलं. तेवढ्यात पुन्हा सुई लावली तर फिल्म फाटते.