गाठीच्या रक्तवाटा : ज्यूडा फोकमन यांच्या संशोधनाची पार्श्वभूमी

"गाठीला चाकू लागला की ती पसरते." नागपुरात ज्या घरात कॅन्सर आला, त्या घरानं हे वाक्य ऐकलंच असेल. माझ्या मावशीच्या मोठ्या आतड्याचं ऑपरेशन ठरलं तेव्हा शेजारच्या काकू हेच सांगून गेल्या. ऑपरेशन झालं. पुढं यकृतात गाठी दिसल्या आणि काकूंचं म्हणणं घरात पक्कं बसलं. मग केमोच्या जोडीला बेव्हॅसिझुमॅब नावाचं औषध सुरू झालं. सलाइन लावण्याआधी सिस्टर दर वेळी बीपी मोजायच्या, लघवीचा रिपोर्ट मागायच्या. "कॅन्सर पोटात, अन् बीपी कायले पाहता जी?" मावशी विचारायची.

तिच्या प्रश्नाचं आणि काकूंच्या भीतीचंही उत्तर एकाच सर्जनच्या कामात सापडतं.

ज्यूडा फोकमन यांचा जन्म १९३३ चा, अमेरिकेतल्या क्लीव्हलँडचा. वडील ज्यू धर्मगुरू. आजाऱ्यांना भेटायला जाताना मुलाला सोबत नेत. १९६० च्या सुमारास फोकमन अमेरिकी नौदलाच्या बेथेस्डा इथल्या प्रयोगशाळेत होते. काम होतं रक्ताला पर्याय शोधण्याचं. फ्रेडरिक बेकर यांच्यासोबत त्यांनी सशाची थायरॉइड ग्रंथी शरीराबाहेर काचपात्रात जगवली, तिच्यातून हिमोग्लोबिनचं द्रावण खेळवलं आणि तिच्यात उंदराच्या कॅन्सरच्या पेशी सोडल्या. गाठी धरल्या, पण एक-दोन मिलिमीटरच्या, म्हणजे मोहरीएवढ्या झाल्या आणि थांबल्या. पेशी मेल्या म्हणावं, तर त्याच गाठी उंदराच्या अंगात घातल्यावर भराभर वाढल्या. फरक एवढाच होता, की काचपात्रातल्या गाठींना नव्या रक्तवाहिन्या फुटल्या नव्हत्या.

ऑक्सिजन रक्तवाहिनीपासून मिलिमीटरच्या एक-दोन दशांशापर्यंतच झिरपतो. त्यापुढं वाढायचं तर गाठीला रक्ताची वाट हवी. ती वाट गाठ स्वतःच मागवून घेते आणि ते मागणं तोडलं तर गाठीची उपासमार होईल, हा विचार त्यांनी १९७१ साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये मांडला. तोवर ते बॉस्टनच्या चिल्ड्रन्स हॉस्पिटलचे मुख्य सर्जन झाले होते. ते पद त्यांना ३४ व्या वर्षीच मिळालं होतं. गाठीभोवतीचं रक्त म्हणजे नुसती सूज, असं तेव्हा बहुतेकांना वाटे. फोकमन मात्र ऑपरेशन टेबलावर जिवंत गाठी हाताळत होते, त्यातून भळभळणारं रक्त रोज बघत होते. माझ्या मते त्यांची चिकाटी तिथूनच आली. शेवटी १९८१ मध्ये त्यांनी मुख्य सर्जनचं पद सोडलं आणि पूर्ण वेळ प्रयोगशाळेला दिला.

रक्तवाहिन्या मागवणारा गाठीचा तो निरोप हाती लागला दुसऱ्यांच्या. १९८३ मध्ये हॅरॉल्ड ड्वोराक यांच्या गटाला रक्तवाहिन्या झिरपत्या करणारं एक प्रथिन सापडलं. १९८९ मध्ये नेपोलिओने फेरारा यांनी व्हीईजीएफ हे नव्या रक्तवाहिन्या फुटवणारं प्रथिन वेगळं केलं. दोन्ही एकच निघाली. त्याला अडवणारं बेव्हॅसिझुमॅब २००४ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं, तेही आतड्याच्या पसरलेल्या कॅन्सरसाठीच. ज्या चाचणीवर मंजुरी मिळाली, तिच्यात रुग्णांच्या आयुष्याचा मध्यांक, म्हणजे निम्मे रुग्ण ज्याहून जास्त जगले तो काळ, नुसत्या केमोच्या १५.६ महिन्यांवरून २०.३ झाला. उपासमारीनं गाठ संपेल ही आशा होती, मिळाले साडेचार-पाच महिने. पण ज्याच्या घरात ते महिने मिळतात, त्याला ते थोडे वाटत नाहीत.

बीपीचं उत्तरही इथंच आहे. व्हीईजीएफ निरोगी शरीरालाही लागतं. त्याच्यामुळं रक्तवाहिन्या सैल राहतात, मूत्रपिंडाची गाळणी शाबूत राहते. ते अडवलं की बीपी चढू शकतं, लघवीतून प्रथिन जाऊ शकतं. जखम भरायलाही नव्या रक्तवाहिन्या लागतात, म्हणून ठरलेल्या ऑपरेशनच्या किमान २८ दिवस आधी हे औषध थांबवतात.

राहिली काकूंची भीती. फोकमन यांच्या प्रयोगशाळेत मायकेल ओ'रायली उंदरांच्या एका विशिष्ट कॅन्सरवर काम करत होते. कातडीखालची मुख्य गाठ काढली, की फुप्फुसातल्या बारीक गाठी झपाट्यानं वाढायच्या. मुख्य गाठ असेपर्यंत कोणता तरी पदार्थ त्यांना रक्तवाहिन्या फुटू देत नव्हता. ओ'रायलींनी उंदरांची लघवी साठवून साठवून तो पदार्थ वेगळा केला. १९९४ साली जाहीर झालेला हा अँजिओस्टॅटिन. १९९८ मध्ये वर्तमानपत्रांनी या कामाचा इतका गाजावाजा केला, की फोकमन यांच्या दारात आजाऱ्यांची रीघ लागली; गाठी रोखणं उंदरांत जमलं तसं माणसांत मात्र जमलं नाही.

म्हणजे काकू खऱ्या? नाही. त्या उंदरांच्या फुप्फुसात कॅन्सर चाकूनं नेला नव्हता. पेशी आधीच तिथं पोचून निजल्या होत्या. मावशीच्या यकृतातल्याही बहुधा ऑपरेशनआधीच पोचल्या असाव्यात. आणि आपल्याकडं तंबाखू-सुपारीचा खर्रा खाऊन गालात गाठ आलेली माणसं याच भीतीनं ऑपरेशन लांबवतात, जडीबुटीत महिने घालवतात. तोवर ती गाठ आपल्या रक्तवाटा वाढवतच असते. काकूंना मी हे सगळं समजावलं, अर्धा तास. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "मंग माह्या जावयाच्या तोंडातलं दाखवाले कुठं न्यावं?"