स्लीव्ह आणि बायपास: पोटाचं कोणतं ऑपरेशन परत फिरवता येतं?

गेल्या महिन्यात मालवणकडच्या एक काकी माझ्याकडे आल्या. ‘बायपास झालंय’ म्हणाल्यावर आमच्या सिस्टरने आधी छातीच्या पट्टीची (ईसीजीची) तयारी केली. काकींनी तिचा हात धरला, “नाय गो बाय, हृदयाचा नाय, पोटाचा!” हा घोळ अर्ध्या मिनिटात मिटतो. दुसरा घोळ मात्र वर्षानुवर्षं मिटत नाही, आणि त्याने माणसांचं नुकसान होतं.

मी कुडाळला आहारतज्ज्ञ आहे. वजन कमी करण्याचं ऑपरेशन (स्लीव्ह किंवा बायपास) लोक मुंबई, कोल्हापूर किंवा गोव्याला करून येतात आणि पुढची दहा वर्षं आमच्याकडे काढतात. दर दुसरा माणूस मला एकच वाक्य ऐकवतो: “स्लीव्ह हलकं असतं, नाही जमलं तर पूर्ववत करता येतं, बायपास म्हणजे कायमचं.” हे बरोबर उलटं आहे.

स्लीव्ह गावात कुणाचं ना कुणाचं झालेलं असतं. दुर्बिणीतून जठराचा सुमारे पाऊण भाग कापतात आणि केळ्याएवढी नळी ठेवतात. कापलेला भाग शरीराबाहेर जातो. तो परत बसवता येत नाही. बायपासमध्ये वरच्या टोकाला लहानशी पिशवी वेगळी करून ती थेट खालच्या लहान आतड्याला जोडतात. बाकीचं जठर आत तसंच राहतं, फक्त अन्नाच्या वाटेवर उरत नाही. म्हणून तांत्रिकदृष्ट्या पूर्ववत करता येतं ते बायपास. तसं क्वचितच करतात, पण शक्य असतं.

टाके किती, रजा किती, खर्च किती, हे फरक किरकोळ आहेत. आणि दोन्हींत चरबी कापून काढत नाहीत. ‘चरबी काढून आली’ हे शब्द ऐकले की मला अजूनही त्रास होतो, कारण असं समजणारी माणसं ऑपरेशननंतर जेवणाकडे बघतच नाहीत.

‘दहा वर्षांनी सगळं वजन परत येतं’ असंही लोक म्हणतात, आता त्याबद्दल. स्वीडनमध्ये 1987 पासून हजारो लोकांवर लक्ष ठेवलं गेलं. त्यातल्या बायपासवाल्यांचं वजन पहिल्या एक-दोन वर्षांत सुमारे 32 टक्क्यांनी उतरलं होतं; दहा वर्षांनी ही घट 25 टक्के उरली. थोडं परत आलं, सगळं नाही. दुसऱ्या वर्षाच्या आकड्यावर खूश होऊन पाचव्या वर्षी चार किलो वाढले की ‘ऑपरेशन फसलं’ म्हणणं मला अन्यायाचं वाटतं. चार किलो आले की या, आपण जेवणाची वही उघडू. पहिला प्रश्न आमरसाचा आणि नारळाच्या दुधाचा असेल, कारण पातळ पदार्थ नळीतून सरळ खाली उतरतात आणि पोट भरल्याचं कळतच नाही.

स्लीव्ह आणि बायपास समोरासमोर ठेवले तर काय दिसतं? फिनलंडमध्ये 2008 ते 2010 दरम्यान 240 जणांना चिठ्ठ्या टाकाव्यात तसं दोन गटांत वाटलं आणि दहा वर्षांनी तपासलं. जादा वजनापैकी स्लीव्हवाल्यांचं 43.5 टक्के उतरलेलं होतं, बायपासवाल्यांचं 51.9 टक्के. ज्याचं वजन 120 किलो आहे आणि 70 असायला हवं, अशा माणसाला हे लावा: स्लीव्हने 22 किलो गेले, बायपासने 26. चार किलोंचा फरक. यावर लोक तासन्‌तास भांडतात.

त्याच तपासणीत एंडोस्कोपीने (तोंडातून दुर्बीण घालून) अन्ननलिकेचा दाह किती जणांत दिसला? स्लीव्हच्या गटात 31 टक्के, बायपासच्या गटात 7. दहा वर्षांनंतरचा खरा फरक हा आहे, आणि घरच्यांना तो कोणी नीट समजावलेला नसतो. स्लीव्हची नळी अरुंद, जठराचं खालचं दार पूर्वीसारखंच घट्ट. आत दाब वाढतो आणि आंबट पाणी घशाशी येतं. बायपासच्या लहान पिशवीत आम्लच थोडं तयार होतं, आणि पित्त बरंच खाली मिसळतं. म्हणूनच स्लीव्हनंतर जळजळ आवरेना तर डॉक्टर बायपासमध्ये बदल सुचवतात. ज्यांना आधीपासून जळजळीमुळे रात्री उशी उंच करून झोपावं लागतं, त्यांनी स्लीव्ह करू नये असं माझं ठाम मत आहे. निदान एंडोस्कोपी झाल्याशिवाय तारीख घेऊ नये.

याची किंमत बायपासमध्ये दुसरीकडे मोजावी लागते. लोह आणि कॅल्शियम जिथे जास्त शोषलं जातं तो आतड्याचा तुकडा वाटेतून बाजूला पडतो. बी-12 चं शोषणही बिघडतं. गोळ्या आणि रक्ततपासणी आयुष्यभर. (स्लीव्हलाही जीवनसत्त्वं लागतातच, पण इथे हयगय लवकर अंगाशी येते.) गोड एकदम पोटात गेलं तर घाम, धडधड, चक्कर. गणपतीत दुसऱ्या उकडीच्या मोदकावर काकी चटईवर आडव्या झाल्या होत्या. आणि गुडघा दुखतो म्हणून मेडिकलमधून आणलेली आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅकसारखी वेदनाशामक गोळी: पिशवी आणि आतड्याच्या जोडावर तिने अल्सर (जखम) होऊ शकतो आणि त्यातून रक्त जातं. काकींची शौच काळी होत होती ती यामुळे. गोळी देणाऱ्याला बायपास झाल्याचं माहीतच नव्हतं. बाजूला राहिलेल्या जठरात काय चाललंय ते नेहमीच्या एंडोस्कोपीने बघताही येत नाही.

म्हणून डिस्चार्ज कार्डावर ऑपरेशनचं पूर्ण नाव लिहून घ्या आणि त्याचा फोटो फोनमध्ये ठेवा. ‘पोट लहान केलं’ एवढ्यावर इथला डॉक्टर काही ठरवू शकत नाही.

सावंतवाडीच्या एका ताईचं सहा वर्षांपूर्वी स्लीव्ह झालं. वजन छान टिकलंय, पण वर्षभर रात्री खोकला येतो. शेजारणी सांगतात, पोट पुन्हा ताणलं, परत लहान करून घे. मला तो खोकला आम्लाचा वाटतो. पुढच्या मंगळवारी तिची एंडोस्कोपी आहे. तोवर कोकमाचं सरबत बंद, आणि रात्रीची पेज सातच्या आत.