सीमाशुल्क मूल्यनिर्धारणविषयक वाद (भारत)

यथामूल्य (मालाच्या किमतीच्या टक्केवारीने आकारले जाणारे) सीमाशुल्क आयात मालाच्या कोणत्या किमतीवर आकारायचे, यावरून आयातदार व सीमाशुल्क खाते यांच्यात उद्भवणारे वाद. मालाचे वर्गीकरण व शुल्काचा दर निर्विवाद असला तरी किमतीवरून तंटा राहू शकतो. इनव्हॉइसमधील आकडा खरा, की शुल्क वाचवण्यासाठी मुद्दाम कमी दाखवलेला, हा त्यातला नेहमीचा प्रश्न होय.

सागरी सीमाशुल्क अधिनियम, १८७८ (कलम ३०) प्रथमतः आयातस्थळीच्या घाऊक रोख किमतीकडे पाही. व्यापारी सूट आणि देय शुल्क वजा जाता उरेल ते ‘वास्तविक मूल्य’. सीमाशुल्क अधिनियम, १९६२ च्या कलम १४ ने ही कसोटी आंतरराष्ट्रीय व्यापाराकडे वळवली. ज्या किमतीला तसा माल ‘सामान्यतः’ विकला किंवा विक्रीस काढला जातो, ती किंमत ग्राह्य. खरेदीदार व विक्रेता यांचा एकमेकांच्या धंद्यात हितसंबंध नसावा, ही अट. ही एका अर्थी कल्पित किंमत होती. मूल्याच्या १९५० च्या ब्रुसेल्स व्याख्येशी (सीमाशुल्कासाठी मूल्य कसे ठरवावे हे सांगणाऱ्या आंतरराष्ट्रीय करारातील व्याख्येशी) तिचे साम्य उघड आहे. थेट उसनवारी झाली असे मात्र केवळ शब्दरचनेवरून म्हणता येत नाही.

‘गॅट’ या व्यापारकराराखालील वाटाघाटींच्या टोकियो फेरीतील मूल्यनिर्धारण संहितेने (१९७९) प्रत्यक्ष दिलेली वा देय किंमत, म्हणजे व्यवहारमूल्य, मध्यवर्ती मानले. त्या धर्तीवरचे नियम भारतात १९८८ मध्ये लागू झाले. पण कलम १४(१) मधील ‘सामान्यतः’ तसेच राहिले. कल्पित किमतीचे कलम आणि प्रत्यक्ष किमतीचे नियम अशी ही जोडी जवळजवळ दोन दशके नांदली. त्यामुळे व्यवहारमूल्य भारतात १९८८ पासून आले, की कलम बदलून नवे नियम अमलात आले त्या १० ऑक्टोबर २००७ पासून, याविषयी दोन्ही बाजूंनी बोलता येते. आयशर ट्रॅक्टर्स खटल्यातील सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय (२०००) पाहता पहिला पक्ष अधिक सयुक्तिक वाटतो. त्यात बेअरिंगांच्या जुन्या साठ्यावर विक्रेत्याने ७७ टक्के सूट दिली होती, तर खात्याने दरपत्रकाचा आधार घेतला होता. दरपत्रक हा फार तर सर्वसाधारण दरांचा निर्देश असतो, असे मानून न्यायालयाने सूट ग्राह्य धरली. १९८८ च्या नियमांपैकी नियम ४(२) मधील अपवादात्मक परिस्थिती नसेल तर प्रत्यक्ष दिलेली किंमतच स्वीकारली पाहिजे, असे ‘सामान्यतः’ या शब्दाचे वाचन या निर्णयाने रूढ केले.

घोषित किंमत नाकारण्याचा अधिकार १९९८ मध्ये नियम १०-अ ने स्पष्ट झाला. त्याचा वारसा २००७ च्या नियमांतील नियम १२ कडे आला. ‘वाजवी शंका’ नोंदवून तिची कारणे आयातदाराला कळवणे आवश्यक असल्याचे सेंच्युरी मेटल रीसायकलिंग (२०१९) या ॲल्युमिनियम भंगाराच्या खटल्यात ठरले. शंका घेणे वेगळे आणि किंमत खोटी सिद्ध करणे वेगळे, हे लक्षात न घेतल्याने किंमत नाकारणारे अनेक आदेश अपिलात टिकत नाहीत. किंमत नाकारल्यावर एकसारखा माल, तत्सम माल, वजावटीची पद्धत (भारतातील विक्रीकिमतीतून खर्च वजा करणे), उत्पादनखर्चाची पद्धत व शेवटी उर्वरित पद्धत (अन्य वाजवी मार्गाने किंमत ठरवणे), या क्रमाने जावे लागते.

किमतीत कशाची भर घालायची, यावरही वाद होतात. स्वामित्वशुल्क (रॉयल्टी) आयात मालाशी संबंधित आणि विक्रीची अट असेल तरच मिळवले जाते. फेरोडो (२००८) प्रकरणात ते वगळले गेले, तर मात्सुशिता (२००७) प्रकरणात मिळवले गेले. कराराची कलमे वाचल्याखेरीज या दोन निकालांची तुलना करण्यात अर्थ नाही. माल उतरवण्याच्या खर्चापोटी १ टक्क्याची ठरावीक भर विप्रो खटल्यात (२०१५) अवैध ठरली व २०१७ च्या दुरुस्तीने नियमातूनही गेली.

संबंधित व्यक्तींमधील, विशेषतः परकीय मूळ कंपनी व तिची भारतीय उपकंपनी यांच्यातील, व्यवहार सीमाशुल्क खात्याच्या विशेष मूल्यांकन शाखेकडे जातात. सोने, चांदी, खाद्यतेले, सुपारी आदींसाठी केंद्र सरकार कलम १४(२) खाली दरमूल्य (शुल्क आकारणीसाठी सरकारने ठरवलेले मूल्य) अधिसूचित करते. तेथे इनव्हॉइसचा प्रश्नच उरत नाही. सीमाशुल्क, उत्पादनशुल्क व सेवाकर अपील न्यायाधिकरणाच्या मूल्यविषयक निर्णयावरील अपील उच्च न्यायालयाला वगळून कलम १३०-ई अन्वये थेट सर्वोच्च न्यायालयात जाते.